गिटारींच्या खालचा आवाज

ॲक्रन, ओहायो
गुरुवार

प्रिय अडेला,

पत्र पाहून तू प्रथम कपाळाला हात लावशील आणि मग आईला विचारशील की म्हाताऱ्याला फोन वापरता येईनासा झाला आहे काय. फोन व्यवस्थित चालतो. परंतु फोनवर तू मला दोन वाक्यांपलीकडे जाऊ देत नाहीस आणि माझा मुद्दा दोन वाक्यांत मावणारा नाही. समोरासमोर बोलावे, तर तू गाडीच्या किल्ल्या शोधू लागतेस. म्हणून हे पत्र. कर्टिस रोज तुझ्या घरावरून कामाला जातो, त्याच्याकडे ते देत आहे. आईचे म्हणणे एवढेच, "लिही बाबा, पण लाल शाईनं नको." शाई काळी आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

मुद्दा आरंभीच मांडावा, असे मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले, तेव्हा मीही तेच करतो. नेडने तुमच्या नव्या तबकडीचे दोन मिक्स तयार केले आहेत. एकात तुझा आवाज नेहमीप्रमाणे गिटारींच्या खाली पुरलेला आहे. दुसऱ्यात तो वर आहे आणि शब्द न् शब्द ऐकू येतो. तू पहिला पसंत केलास. शनिवारी दुपारी नेड तो कारखान्याकडे पाठवील, तबकड्या छापल्या जातील आणि मग काहीही बदलता येणार नाही. तू दुसरा निवडावास, अशी माझी विनंती आहे. मंगळवारचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे मी ठरवले आहे. ते कितपत साधेल, ठाऊक नाही.

आता तू म्हणशील की माझ्या बापाला, टाटोंना, आमच्या संगीतातले काय कळते? संगीतातले कळत नाही, हे मान्य. पण 'सम्प पंप' या वाद्यवृंदाची सबंध कारकीर्द माझ्या पायांखाली घडली आहे. माझ्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. तुम्ही नाव ठेवले तेही माझ्या पाणी उपसण्याच्या पंपाचे, कारण तो नेमका गाण्याच्या मध्यावर सुरू होई आणि नेड ध्वनिमुद्रण थांबवत नसे. "राहू दे सर, तो तालात आहे," असे मला माझाच विद्यार्थी सांगत असे, ज्याला तिसऱ्या बाकावर बसून कर्ता आणि कर्म यांतला फरक कधी सांगता आला नाही. कर्टिस पलीकडच्या गल्लीतून रंगाचे रिकामे डबे घेऊन आला आणि तुमचा ढोलकवाला झाला. बास वाजवणारे मात्र भाडेकरूंसारखे येत आणि जात राहिले. त्यांची नावे मी लक्षात ठेवणे सोडून दिले. तुमची पहिली कॅसेट माझ्याजवळ आहे. तीत पंप स्वच्छ ऐकू येतो. माझी मुलगी ऐकू येत नाही.

त्या वेळी मला वाटले, पोरे नवशिकी आहेत, यंत्रे स्वस्तातली आहेत, पुढे सुधारतील. मग दुसरी तबकडी चांगल्या स्टुडिओत झाली आणि तू आणखी खोल गेलीस. मी नेडला विचारले, तेव्हा त्याने मला समजावून सांगितले, "सर, आवाज हेसुद्धा एक वाद्यच. तो जितका दबका, तितका ऐकणारा जवळ सरकतो." मी म्हटले, "जवळ सरकतो, काही कळत नाही आणि घरी जातो." यावर तो हसला आणि तू माझ्याकडे असे पाहिलेस की जणू मी रस्ता चुकून तुमच्या तळघरात शिरलेला कोणी विमा एजंट होतो. तळघर माझे होते, अडेला.

आणि एक गोष्ट कायमची निकालात काढू. क्लीव्हलँडच्या त्या साप्ताहिकाला नेडने मुलाखत दिली आणि सांगितले की अडेलाचे वडील व्याकरणाचे शिक्षक, ते तिच्या गाण्यांतल्या चुका काढत, म्हणून ती शब्द लपवते. तेव्हापासून जो तो हेच छापतो. हे धादांत असत्य आहे. तू सहा वर्षांची असताना नाताळच्या नाटकात देवदूत झाली होतीस. तुला एकच वाक्य होते. ते ऐकण्यासाठी पाद्रीबाबांना गुडघ्यांवर वाकावे लागले आणि तरीही त्यांनी शेवटी ते स्वतःच मोठ्याने सांगून टाकले. त्या दिवशी तुझ्या हाती गिटार नव्हती आणि माझ्या हाती पेन नव्हते. तू तशीच आहेस. याला कोणी सिद्धान्ताचे नाव देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

तुमच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे, तेही मी बोलतो. एकांगी निबंधाला मी कधी चांगले गुण दिले नाहीत. क्लीव्हलँडच्या त्या लांबट, काळ्या रंगाच्या सभागृहात मी आणि आई कानांत कापूस घालून मागे उभे होतो, आठवते? माझ्या शेजारी डोक्याचा गोटा केलेली एक मुलगी डोळे मिटून तुझे गाणे म्हणत होती. मी तिला विचारले, "बाई, काय शब्द आहेत हे?" ती माझ्या कानात ओरडली. बर्फ, बहीण आणि बसचा थांबा, असे काहीतरी होते. तिच्या पलीकडचा पोरगा लगेच म्हणाला, "हॅट्! बहीण कुठून आली? कुत्रा आहे तो, कुत्रा!" ती म्हणाली, "तुझ्या कानात कुत्रा गेलाय." गाणे संपेपर्यंत ती दोघे भांडत होती आणि अतिशय आनंदात होती. नंतर गाडीच्या बॉनेटवर बसून तळलेले बटाटे खाताना मी तुला हे सांगितले, तर तू खो खो हसलीस. "टाटो, त्यांचे शब्द माझ्यापेक्षा बरे असतात. मी कशाला मध्ये कडमडू?" त्या वेळी मला उत्तर सुचले नव्हते. तू इतकी हसत होतीस की आईने मला कोपराने ढोसले, म्हणजे सुचले असते तरी मी ते देऊ नये.

त्यानंतर मोठ्या कंपनीचे लोक आले. ती हकीकत तुला सांगायला नको, पण मी त्या दिवशी भांडी विसळत होतो आणि माझे कोणी ऐकले नव्हते, म्हणून आता ऐक. कंपनीने तिसरी तबकडी लॉस एंजेलिसच्या कोणा तज्ज्ञाकडे दिली आणि त्याने तुझा आवाज वर आणला. केवढा वर, हे मला कधी कळले नाही, कारण तुम्ही ती ध्वनिफीत मला ऐकू दिली नाहीत. बार्बरटनहून तळलेली कोंबडी आणि तिखट भात आणून तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात सभा भरवलीत. तुमचा नियम असा की निर्णय एकमतानेच व्हायचा. एकाने 'नाही' म्हटले की सगळ्यांचे 'नाही'. असा नियम मी कोणत्याही शहाण्या संस्थेत पाहिलेला नाही. नेड टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "हा आपला आवाज नव्हे. ही साबणाची जाहिरात आहे." तू म्हणालीस, "मला नाही आवडलं," आणि तेसुद्धा इतके हळू की कर्टिसला विचारावे लागले, "म्हणजे हो की नाही?" कर्टिसचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोला पहिल्या नवऱ्याचा एक मुलगा होता, पुढे आलेल्या दातांचा. कर्टिस हाडूक चोखत म्हणाला, "मला त्या पोराच्या दातांना तार लावायचीय, अडेला. दात गिटारीखाली लपवता येत नाहीत." मग त्याने तुझ्याकडे पाहिले, हात पुसले आणि म्हणाला, "बरं, नाही तर नाही."

मी नळ बंद करून वळलो आणि म्हणालो, "मला असे वाटते की..." तेवढ्यात आई म्हणाली, "मिलान, तुला कुणी विचारलंय? तो टॉवेल दे इकडे." मी टॉवेल दिला. कंपनीने तुमचे म्हणणे ऐकून घेतले, तबकडी कोठारात टाकली आणि कुलूप लावले. ती त्यांच्या मालकीची आहे आणि अजूनही तिथेच आहे. तुम्हांला दुसरीकडे वाजवण्याचीही मोकळीक दिली नाही. त्यांच्याशी भांडण्यात दोन हिवाळे गेले. बाहेर आलात तेव्हा जी पोरे तुमच्या आधी वाजवून गर्दी तापवत, ती टीव्हीवर होती आणि तुम्ही टोलेडोमध्ये एका पिझ्झाच्या दुकानात बारा माणसांसमोर होता. ती पोरे आजही मुलाखतींत तुमचे नाव घेतात. 'प्रभावशाली' हे विशेषण तुमच्यामागे लागले आहे. ज्याचे नाव घेतले जाते, पण ज्याची तबकडी घेतली जात नाही, तो प्रभावशाली, अशी त्याची व्याख्या मी माझ्यापुरती केली आहे.

मग नेड कॉलेजात ध्वनियंत्रे शिकवू लागला, कर्टिस लोकांच्या तळघरांत घर तापवणाऱ्या भट्ट्या बसवू लागला आणि तू दंतवैद्याकडे लोकांचे दात साफ करू लागलीस. कर्टिसच्या पोराचे ते दातही शेवटी तूच साफ केलेस. दिवसभर जगाला "तोंड उघडा, आणखी उघडा" असे सांगणारी बाई स्वतः कशी गाते, हे पाहून देवही चक्रावत असेल. मला राग येतो, अडेला. इतकी वर्षे येत आहे. तुम्ही हरला असता, तर मी काही बोललो नसतो. हरणारे मी वर्गात खूप पाहिले आणि त्यांच्याशी माझे चांगले जमे. तुम्ही दारापर्यंत गेलात, दार उघडे होते आणि आत जाऊन तुम्ही तोंडातल्या तोंडात पुटपुटलात.

या हिवाळ्यात तुम्ही तिघे पुन्हा तळघरात उतरलात, तेव्हा मी कारण विचारले नाही. ते मला माहीत होते. तुझ्या गळ्यातला मफलर घरातही निघत नव्हता, आई न बोलता डबे भरभरून पातळ सूप फ्रीजरमध्ये ठेवत होती आणि नेड, जो आयुष्यात कधी वेळेवर आला नाही, तो रोज तुझ्या आधी येऊन बसत होता. तुम्ही भट्टीच्या कोपऱ्यात गोधड्या टांगल्यात आणि त्यांच्यामागे उभी राहून तू गायलीस. वर स्वयंपाकघरात आम्हांला फक्त कर्टिसचे ढोल आणि पंप ऐकू येत होता. पंप नवा आहे, पण सवय तीच.

गेल्या आठवड्यात सोमवारी तू कामावर असताना नेड जिना चढून वर आला. केस पांढरे झाले, पण दारात उभा राहतो अजून गृहपाठ विसरलेल्या मुलासारखा. म्हणाला, "सर, दोन मिनिटं खाली येता? चष्मा नको. नुसते कान आणा." मी खाली गेलो. त्याने मला यंत्रासमोर बसवले आणि माझ्या कानांवर हेडफोन घातले. "आधी नुसता आवाज ऐका. गिटारी मी नंतर सोडतो."

मला आता नीट सांगता यावे म्हणून मी कालपासून हा परिच्छेद तीनदा खोडला. इतकी वर्षे मला असे वाटत होते की त्या गोंगाटाखाली तू माझ्याविषयी काहीतरी लपवले असशील. काहीतरी कठोर. मी ते ऐकण्याची मनाशी तयारी करूनच बसलो होतो. अडेला, मी त्यात कुठेच नाही! एका गाण्यात रबर कारखाना बंद पडल्यावरही दर रविवारी गणवेश घालून खेळायला जमणारे कामगार आहेत. एकात शेजारचे कुत्रे आहे, म्हणजे त्या पोराचे अगदीच चुकले नव्हते. आणि एकात ती बाई आहे, जिला दुकानाच्या बहुमजली वाहनतळात आपली गाडी सापडत नाही. ती किल्लीचे बटण दाबते, कुठूनतरी हॉर्न वाजतो, ती त्या दिशेने चालते, पुन्हा दाबते आणि आवाज वरच्या मजल्यावरून येतो. मग ती गाडी शोधायचे सोडून देते आणि नुसतीच बटण दाबत उभी राहते, कारण कोणीतरी उत्तर देत आहे. मी कुठेच नव्हतो, याचा थोडा अपमान वाटला, हे नाकारत नाही. त्या गाण्यात व्याकरणाच्या दोन चुका आहेत. त्या तशाच असू देत. त्या सुधारल्या, तर ती बाई वाहनतळातून निघून माझ्या वर्गात येऊन उभी राहील.

वरच्या पट्टीत तुझा आवाज एके ठिकाणी चिरकतो. तू श्वास घेतेस तेही ऐकू येते. मग नेडने गिटारी सोडल्या, कर्टिसचे ढोल सोडले आणि आवाज तिथेच राहिला, सगळ्यांच्या पुढे. मी हेडफोन काढले, तर नेड माझ्याकडे पाठ करून तारा गुंडाळत होता. म्हणाला, "मीच तिला खाली ढकलत आलो, सर. वाटायचं, हीच आपली कला. तिला म्हटलं, या वेळी वर ठेवू. तर म्हणे, नेहमीसारखं कर." मी म्हटले, "मी सांगितले, तर हट्टाने ती आणखी खाली घ्यायला लावील." कर्टिस जिन्याच्या पायरीवर सँडविच खात होता. तो म्हणाला, "मग काय, पंपाचीच तबकडी काढू." कोणी हसले नाही. कर्टिससुद्धा नाही.

म्हणजे तुमच्या त्या अजब नियमानुसार आता दोघांचे 'नाही' तुझ्या मिक्सला आणि तुझे 'नाही' त्यांच्या मिक्सला. एकमत होणार नाही, तर तबकडीच निघू नये. पण ते दोघे या आठवड्यात तुझ्याशी भांडणार नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे आणि त्याचा तू फायदा घेत आहेस. हे मला अप्रामाणिक वाटते. तेव्हा भांडायला मी उरलो. मला मत नाही, पण भीडही नाही.

रविवारी तू मागच्या दारात उभी राहून मला तुझे कारण सांगितलेस. म्हणालीस, "टाटो, आत्ता आवाज वर आणला, तर लोक काय म्हणून ऐकतील? कीव म्हणून. बिचारी, म्हणून." मी तुझ्या या वाक्यावर चार दिवस विचार केला आहे आणि त्यात तथ्य आहे. काही लोक तसेच ऐकतील. पण तू आवाज पुरलास, तरी ते कीव करणारच. फक्त त्यांच्या हाती तुझी ती वाहनतळातली बाई नसेल, नुसती तुझी बातमी असेल. ऐकणाऱ्याला हसू फुटावे इतके त्या बाईत बळ आहे. मी हसलो, भट्टीशेजारी एकटा मोठ्याने हसलो, आणि नेडने वळून पाहिले. कीव करत असताना माणूस असा हसत नाही. आणि क्लीव्हलँडच्या त्या मुलीवरून तू जे म्हणालीस, त्याचे उत्तर मला आता सुचले आहे. तिने स्वतःचे शब्द रचले, कारण तिच्या पदरात काहीच पडले नव्हते. ते तिचे कौतुक आहे, तुझे औदार्य नव्हे. तिला तुझे शब्द दे आणि मग तिला ते आवडतात की नाही, ते तिला ठरवू दे. माणसे चुकीचे ऐकतील, ही भीती मला समजते. बरोबर ऐकतील, या भीतीचे काय करावे, ते मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही; पण तुझी भीती तीच आहे, असे मला वाटते.

आता मंगळवार. ठरवूनही टाळता आला नाही. मंगळवारी सकाळी मी आणि आई तुला क्लीव्हलँडला घेऊन जाऊ. तुझ्या मानेतली गाठ काढायची आहे आणि त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून आपल्याला दाखवले की आवाजाची नस तिला अगदी चिकटून जाते, दोऱ्याएवढी बारीक. गाठ महत्त्वाची, नस नंतर, असे त्या म्हणाल्या आणि योग्यच म्हणाल्या. बोलता येईल, निदान कुजबुजता येईल. गाण्याचे काही सांगता येत नाही. तू मान डोलावलीस आणि गाडी कुठे लावली आहे, ते मला विचारलेस. अडेला, जेवणाच्या टेबलावर तू काही बोललीस की मी म्हणत असे, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण." तू डोळे फिरवायचीस, सुस्कारा टाकायचीस आणि पुन्हा म्हणायचीस, आणि दुसऱ्या वेळी नेहमी स्वच्छ म्हणायचीस. मी माझ्या मुलीचे बोलणे आयुष्यभर दुसऱ्याच वेळी ऐकत आलो. मंगळवारनंतर मी 'पुन्हा म्हण' असे म्हणालो आणि तुला म्हणता आले नाही, तर मी काय करू, ते मला कळत नाही. म्हणून या एका खेपेला पहिल्याच वेळी नीट म्हण. या पत्राचे उत्तर लिहू नकोस. शनिवारच्या आत नेडला फोन कर. त्याच्या हाती फोन असतो आणि तो झोपलेला नाही.

तुझाच, आणि तुझ्यावर रागावलेलाच,
टाटो